टाकी भरलेली असूनही मजुरांना चक्कर का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नागपूरबाहेर सात मजली इमारतीचं काम चालू आहे. मी साइट इंजिनीअर आहे. साठेक माणसं कामावर असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं चक्कर येऊन पडली, एक सळई बांधणारा आणि एक रेजा, म्हणजे मजूर बाई. पिण्याच्या पाण्याची हजार लिटरची टाकी रोज भरली जाते. ठेकेदाराचं म्हणणं, हे लोक पाणीच पीत नाहीत, आपण तरी काय करणार, ओआरएसची पाकिटं वाटून टाका. तेवढ्यानं भागेल का? माणशी दिवसाला किती पाणी लागतं?"

मी डॉक्टर आहे. विदर्भातल्या बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर कामगारांच्या आरोग्याचं काम बरीच वर्षं करते आहे. आधी सरळ उत्तर देते. पाकिटं वाटून भागणार नाही. पाण्याचं माप म्हणाल तर मे महिन्यात उन्हातल्या जड कामाला माणशी दहा लिटर पिण्याचं पाणी हाताशी असावं असा हिशेब धरा. सगळेच दहा लिटर पिणार नाहीत, सहा-आठ लिटरपर्यंत जातील, पण चेहऱ्यावर मारायला, रुमाल भिजवायलाही लागतं. साठ माणसांचे सहाशे लिटर झाले. म्हणजे तुमची टाकी पुरून उरते. पाणी कमी पडत नाही, तरीही माणसं कोरडी पडतायत. खरा प्रश्न हा आहे, आणि "हे लोक पाणीच पीत नाहीत" एवढं म्हणून तो सुटत नाही. का पीत नाहीत, हे पाहावं लागतं.

त्याआधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं पटेल. उन्हात जड काम करणाऱ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर घाम येतो, कधी त्याहून जास्त. साठ किलोच्या माणसाच्या अंगातलं सव्वा लिटर पाणी गेलं की वजनाचे दोन टक्के कमी झाले. एवढ्यानंच हात मंदावतात, लक्ष उडतं, डोकं दुखायला लागतं. रक्तातला पाण्याचा भाग घटतो, हृदय जोरात धडधडायला लागतं आणि कातडीकडे जाणारं रक्त कमी पडतं. घामही पुढे आटतो. घाम आणि कातडीतलं रक्त याच दोन वाटांनी शरीर उष्णता बाहेर टाकत असतं. दोन्ही अडल्या की ताप चढतो, आणि तिथून उष्माघात फार लांब नसतो.

आता यात दोन गोष्टी फसव्या आहेत. पहिली म्हणजे तहान. ती उशिरा लागते. तहान लागली तेव्हा अंगातलं बरंच पाणी आधीच गेलेलं असतं. शिवाय दोन घोट प्यायलं की ती भागल्यासारखी वाटते, तूट मात्र भरलेली नसते. दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. विदर्भातली मेमधली हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. मुंबईत माणूस चिंब भिजतो, त्याला कळतं की घाम येतोय. नागपुरात ४४ अंशांत माणसाचा सदरा कोरडा असतो आणि तो म्हणतो, "मला कुठं घाम येतोय?" त्याची पाठ बघा. गडद रंगाचा सदरा असेल तर खांद्यांच्या मध्ये, काखेखाली पांढऱ्या रेघा दिसतील. घाम उडाला आणि मीठ मागे राहिलं, त्याच्या त्या रेघा. दुपारच्या जेवणाआधीच त्या उमटल्या असतील तर त्या माणसाचं सकाळपासूनचं पिणं पुरेसं झालेलं नाही, असं मी धरते.

तुमच्या मजुरांना हे तोंडी सांगून पटणार नाही. एक वजनकाटा आणा. सकाळी कामाला लागण्याआधी आणि दुपारच्या सुट्टीला चार-पाच जणांचं वजन करा, जेवणाआधी, तेच कपडे ठेवून. काट्यावर एक किलो कमी भरलं तर एक लिटर पाण्याची तूट आहे. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की भल्या भल्या हट्टी गवंड्यांना पटतं. मुकादमाचं वजन सगळ्यांत आधी करा.

आता मूळ मुद्दा, पाणी असून का पीत नाहीत.

तुमची टाकी कुठे आहे? बहुतेक खाली गेटजवळ किंवा ऑफिसच्या बाजूला असेल, कारण टँकरला तिथवरच येता येतं. सळई बांधणारा पाचव्या स्लॅबवर असतो. खाली उतरून पाणी पिऊन परत चढायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सळईबांधणीचा दर टनावर असतो, सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधण्याचा, चौरस फुटावर. प्रत्येक फेरीला त्याचे पैसे बुडतात. चार फेऱ्या म्हणजे तासभर गेला. कोण जाईल? तुम्ही-मीही गेलो नसतो. रोजंदारीवरच्या बिगाऱ्याची अडचण वेगळी. तो सारखा पाण्याला गेला की मुकादम हाक मारतो. म्हणून तो जेवणाच्या सुट्टीची वाट बघतो आणि तेव्हा एकदम लिटर-दीड लिटर ढोसतो. त्यातलं बरंचसं थोड्या वेळात लघवीवाटे निघून जातं आणि दुपारभर पुन्हा कोरडंच.

पुढचं कारण, पाणी गरम असतं. टाकी काळ्या प्लास्टिकची आणि उघड्यावर असेल, तर दुपारी दोन वाजता नळाखाली स्वतः हात धरून पाहा. आंघोळीला काढावं तसं पाणी येतं. असं पाणी ४५ अंशांच्या उन्हात घशाखाली उतरत नाही. मग पोरं बोअरच्या पाइपला किंवा काँक्रीटवर पाणी मारायच्या नळीला तोंड लावतात, कारण ते गार लागतं. त्यातून जुलाब सुरू झाले की कोरडेपण दुप्पट.

इथे माठ फार कामाचा आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गार राहतं, कारण झिरपलेलं पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. प्रत्येक मजल्यावर, जिथे काम चालू आहे तिथे, सावलीत दोन मोठे माठ किंवा रांजण ठेवा. भोवती ओलं गोणपाट, वर झाकण, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पेला कुणीच माठात बुडवू नये. माठ रोज रिकामे करून घासायचे. मुंबई-कोकणातून हे वाचणाऱ्यांनी मात्र एवढ्यावर विसंबू नये. दमट हवेत माठ फारसा गार होत नाही, तिथे बर्फ घातलेले जार लागतात. नागपुरातही जूनमध्ये आभाळ भरून आलं आणि पाऊस लांबला की तीच गत होते. पारा ३८ वर उतरलेला असतो, सगळे निवांत होतात, पण घाम उडत नसल्यानं अंग गार होत नाही. त्या दिवसांत गाफील राहू नका.

तिसरं कारण खर्रा. विदर्भाबाहेरच्यांना सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार तोंडात धरून तासन्‌तास काम चालतं. तो तोंडात असेपर्यंत पाणी पिता येत नाही, थुंकावा लागतो, आणि विकत घेतलेला खर्रा अर्ध्यात थुंकायला जिवावर येतं. शिवाय तोंडाला लाळ सुटलेली असल्यानं तहान जाणवत नाही. खर्रा सोडा हे मी सांगतेच, पण तो उन्हाळ्यापुरता बोलण्याचा विषय नाही. साइटवर एक नियम चालू शकतो: पाणी फिरायला आलं की खर्रा थुंकायचा, पेलाभर पाणी प्यायचं, मगच दुसरा.

आणि चौथं कारण बायकांचं. तुम्ही लिहिलंत की पडलेल्यांत एक रेजा होती. तिला पाणी का पीत नव्हतीस, हे विचारलंत का? बहुधा ती तुम्हाला सांगणार नाही. मला बायका सांगतात. एका साइटवर बालाघाटकडून आलेल्या एका बाईनं मला उलट विचारलं होतं, "मॅडम, पानी पेलं का मंग जावाचं कुठं?" सकाळी अंधार असताना एकदा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर एकदा, असं दिवसाचं गणित बांधून या बायका काम करतात. त्यासाठी त्या मुद्दाम, ठरवून पाणी पीत नाहीत. अशा बाईला ओआरएसचं पाकीट दिलं तर ती ते कनवटीला खोचून घरी पोराला नेईल. पाळी चालू असेल तर हाल आणखी. लघवीला जळजळ, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, या तक्रारी घेऊन रेजा येते तेव्हा मी आधी साइटवरच्या संडासाबद्दल विचारते.

तेव्हा बायकांसाठी वेगळा, कडी लागणारा, पाणी असलेला संडास आणि मोरी, तीही पुरुषांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. तुमच्या साइटवरचा पाणी पिण्याचा निम्मा प्रश्न इथे सुटेल, असं मला अनुभवावरून वाटतं. ठेकेदार खर्चाचं म्हणेल. त्याला सांगा, ही मेहरबानी नाही, कायदा आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातल्या कलम ३२ मध्ये कामाच्या जागी सोयीच्या ठिकाणी पिण्याचं शुद्ध पाणी, त्यावर कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी, आणि ती जागा संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत नसावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. संडासाचं कलम त्याच्या लगेच पुढचं, ३३. आता हा कायदा कामगार सुरक्षा आणि आरोग्याच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे, पाण्याची आणि संडासाची जबाबदारी मात्र मालकावरच आहे.

हे सगळं जमवून मी प्रत्येक साइटला जो उपाय आग्रहानं सांगते तो साधा आहे: पाणक्या नेमा. खांद्यावर जार आणि हातात पेले घेऊन, दर वीस मिनिटांनी, जिथे माणूस काम करतोय तिथे जाऊन त्याच्या हातात पेला देणारा एक माणूस. पेलाभर म्हणजे पाव लिटरच्या आसपास. तासाला तीन पेले झाले की पाऊण लिटर पोटात गेलं, कुणालाही परांचीवरून उतरावं लागलं नाही, कुणाचे पैसे बुडले नाहीत. काँक्रीटला पाणी मारायला तुमच्याकडे माणूस नेमलेला आहेच, माणसांसाठीही एक नेमा. साठ माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर असतील तर दोन लागतील. या कामाला वयस्क, सगळ्यांना ओळखणारा माणूस निवडा. तो नुसतं पाणी वाटत नाही, तोंडं बघत जातो. कोण गप्प झालाय, कोण वेडंवाकडं बोलतोय, कुणाचा पाय अडखळतोय, हे त्याला तुमच्याआधी कळतं. जिथे पाणक्या नेमला तिथे दुपारी माझ्याकडे येणाऱ्या डोकेदुख्या आणि पायातले गोळे कमी झालेले मी पाहिले आहेत.

आता ओआरएसकडे येऊ. ओआरएस वाईट नाही, उत्तम औषध आहे. पण साधं पाणी आणि दोन वेळचं खारट-तिखट जेवण मिळणाऱ्या माणसाला दिवसभर ओआरएस प्यायची गरज नसते. घामातून मीठ जातं हे खरं, पण भाकर-भाजी, ठेचा, लोणचं, वरण यातून बरंचसं परत येतं. जो सकाळी फक्त चहा-बिस्किटावर कामाला येतो आणि दोन वाजता पहिला घास खातो, त्याचं मीठ भरून निघत नाही. संध्याकाळी पोटरीत किंवा पोटात गोळे येतात ते अशांना. सलग दोन तासांहून जास्त कडक उन्हात काम असेल, किंवा गोळे येत असतील, किंवा उलट्या-जुलाब झाले असतील, तर ओआरएस द्या. एरवी मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, आंबील, कैरीचं पन्हं यातलं काहीतरी सकाळी दहाला आणि दुपारी चारला दिलंत तर लोक आवडीनं पितात, आणि आवडीनं प्यायलं जाणं हाही मोठा गुण आहे. ताक मात्र सकाळचं दुपारी चारपर्यंत उन्हात ठेवू नका.

पाकीट घेताना दोन गोष्टी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे ना, म्हणजे एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. दुसरी गोष्ट, किती पाण्यासाठी आहे. मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मजूर मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पितात, त्यानं मीठ फार होतं, उलटी होते आणि "ओआरएस मला मानवत नाही" असं ठरतं. एक लिटरची बाटली आणि एक पाकीट, असं एकत्रच हातात द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जात होती, त्यांना तो शब्द लावायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यांत साखर फार असते. ठेकेदारानं स्वस्तात जुना माल आणला तर वापरू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाच्या नुसत्या गोळ्या किंवा मूठभर मीठ चाटणं नको.

इथे परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी सांगायलाच हव्यात. ज्याला रक्तदाब आहे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याला ओआरएस किंवा खारट ताक किती द्यायचं हे त्याच्या डॉक्टरनं ठरवावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, उन्हाळ्यात त्यांचा डोस बदलावा लागू शकतो, पण गोळी मनानं बंद करायची नाही. मधुमेह असलेल्याला साखरेचं सरबत नको, साधं पाणी आणि ताक चालेल. आणि अति पाणीही घातक आहे. कुणी पैज लावल्यासारखं तासाला दीड लिटरच्या वर साधं पाणी पीत राहिला तर रक्तातलं मीठ पातळ होऊन गुंगी, उलट्या, झटके येऊ शकतात. थोडं थोडं आणि सारखं, हेच माप बरोबर. चहा बंद करण्याच्या मागे लागू नका. दोन-तीन कप चहानं कुणी कोरडा पडत नाही, उलट त्यासोबत पाणीही पोटात जातं. रात्रीच्या दारूचं तसं नाही. रात्री प्यायलेला माणूस सकाळी कामावर येतो तोच तूट घेऊन येतो. त्याला सकाळी आधी अर्धा-पाऊण लिटर पाणी आणि काहीतरी खायला द्या, आणि त्या दिवशी उंचावर पाठवू नका.

नवीन माणसांकडे वेगळं लक्ष हवं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जायला लागतं, हृदयावरचा ताण उतरतो. उष्णतेनं दगावणाऱ्या कामगारांत कामाच्या पहिल्या काही दिवसांतले फार असतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा ठोकताळा मला व्यवहारी वाटतो: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. जुना माणूस लग्नसराईला गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतला, तर तोही जवळजवळ नवाच. मेमध्ये आपल्याकडे हेच होतं. लग्नं उरकून, रात्रभर गाडीच्या जनरल डब्यातून उभ्यानं येऊन माणूस सकाळी थेट स्लॅबवर जातो. तुमचा सळईवाला पडला त्याच्या आदल्या आठवड्यात तो कुठे होता, हे मुकादमाला विचारून पाहा.

आता ज्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते लिहिते. चक्कर येऊन पडणं दिसतं, म्हणून त्यावर धावपळ होते. मूत्रपिंडाचं नुकसान दिसत नाही. एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांत मूत्रपिंडं निकामी होण्याची जणू साथच गेली काही दशकं आहे. ना मधुमेह, ना रक्तदाब, तिशी-चाळिशीतली माणसं. कारणांवर अजून वाद आहेत, पण कडक उन्हातली जड मेहनत आणि रोजची पाण्याची तूट यांच्याकडे अभ्यासकांचं बोट सर्वांत आधी जातं. आपल्या साइटवरही माणसं तेच करतात, महिनोन्‌महिने.

त्यात भर पडते दुखण्याच्या गोळीची. दिवसभर सळई वाकवलेला माणूस संध्याकाळी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा तसलीच गोळी घेतो, कधी सकाळीही, म्हणजे दिवस निभावतो. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त टिकवून धरण्याची एक सोय निसर्गानं केलेली आहे, आणि या गोळ्या नेमकी तीच बंद पाडतात. कोरडं शरीर आणि ही गोळी एकत्र आली की धडधाकट माणसाची मूत्रपिंडं काही दिवसांत बिघडू शकतात. आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड सगळ्या त्याच घरातल्या. म्हणून साइटवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून या गोळ्या काढून टाका. अगदीच लागली तर पॅरासिटामॉल, तीही मापात, आणि आधी पाणी. निम्मी डोकेदुखी तर दोन पेले पाणी आणि अर्धा तास सावली यांनीच उतरते.

लघवीचा रंग हे रोजचं माप आहे. फिकट पिवळी ठीक. गडद पिवळी म्हणजे पाणी वाढवा. तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण अति श्रमानं आणि उष्णतेनं स्नायू फुटून त्यातला घटक मूत्रपिंडात अडकायला लागल्याची ती खूण असू शकते. पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही संडासांत दाराच्या आतून रंगाची एक साधी पट्टी चिकटवा. अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही ती कळते.

माणूस खाली बसलाच तर काय करायचं? शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, पण घामाघूम आणि गळून गेलाय, तर सावलीत आडवा करा, पाय वर, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर दवाखाना. त्या दिवशी पुन्हा काम नाही. पण तो असंबद्ध बोलतोय, नाव-गाव चुकतोय, चिडून अंगावर येतोय, झटके येतायत किंवा बेशुद्ध आहे आणि अंग तापलंय, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका, काम करता करता झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो. एकानं १०८ ला फोन करावा, आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न बघता तिथेच त्याला गार करायला घ्यावं. अंगावर भरपूर पाणी ओता, ओली चादर, मिळेल त्यानं वारा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघा. गाडीतही हे चालू ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळा. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

एक गोष्ट नोंदवहीविषयी. माणूस परांचीवरून पडला की "तोल जाऊन पडला" एवढंच लिहिलं जातं. तोल का गेला, हे कुणी लिहीत नाही. किती वाजता पडला, कितव्या मजल्यावर, शेवटचं पाणी कधी प्यायला, कामावर येऊन किती दिवस झाले, एवढ्या चार गोष्टी लिहायला लागा. महिन्याभरात तुम्हालाच कळेल की दुपारी बारा ते चारमधलं पडणं-झडणं किती आहे.

वेळापत्रकाबद्दल ठेकेदाराशी बोलताना मी काँक्रीटचा आधार घेते, तो त्याला लवकर पटतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की काँक्रीट ओतताना खास काळजी घ्यावी लागते, हे आयएस ७८६१ या मानकातच आहे. ते लवकर आळतं, भेगा पडतात. म्हणजे स्लॅब रात्री किंवा पहाटे ओतणं त्याच्याही फायद्याचं. सळई आणि सेंट्रिंग सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर. मधल्या वेळात आतलं प्लास्टर, टाइल्स, खाली सावलीत सळई कापणं-वाकवणं. जिथे उघड्यावर थांबणं टळत नाही तिथे हिरवी जाळी बांधून सावली करा. मधल्या सुट्टीचे पैसे कापले जाणार नाहीत हे मुकादमासमोर, सगळ्यांसमोर सांगून टाका, नाहीतर सुट्टी कागदावरच राहते.

उद्या सकाळपासून काय करायचं ते सांगते. टाकीवर पत्रा किंवा गोणपाट टाका, माठ वर चढवा, पाणक्या ठरवा. बायकांच्या संडासाला या आठवड्यात हात घाला. आणि त्या दोघांना, सळईवाला आणि ती रेजा, पुन्हा कामावर घेण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतायत का ते यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी करून घ्या. त्या दिवसाची मजुरी भरून द्या, नाहीतर ते जाणार नाहीत. दोघांना विचारा, गेल्या पंधरा दिवसांत दुखण्याच्या गोळ्या कोणत्या आणि किती घेतल्या. रेजेशी बोलायला एखादी बाई सोबत न्या. क्रिएटिनिन वाढलेलं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगेपर्यंत उन्हातलं काम बंद. तपासण्या ठीक आल्या तरी पहिल्या दिवशी सावलीतलंच काम द्या आणि आठवडाभर हळूहळू उन्हात न्या.